पाण्याने आडवा केलेला धावपटू

मॅरेथॉनच्या मेडिकल टेंटमध्ये ड्युटी असली की सुरुवातीचे काही तास डॉक्टरला विशेष काम नसतं. आधी येतात ती वेगवान मंडळी. कुणाच्या पायात पेटके आलेले असतात, तर कुणी फिनिश लाइन ओलांडल्या ओलांडल्या मटकन खाली बसतो. धावताना पोटऱ्यांचे स्नायू पायातलं रक्त वर ढकलत असतात. माणूस एकदम थांबला की हा पंप बंद पडतो आणि रक्तदाब घसरतो. आडवं करून पाय उंच धरले की थोड्या वेळात गडी उठून मेडलची चौकशी करायला लागतो. खरी वर्दळ चार-साडेचार तासांनंतर सुरू होते, आणि त्या वर्दळीत मला धास्ती असते ती घरातल्या आजारी माणसासाठी धावणाऱ्यांची.

यातले बरेचसे मुळातले धावपटू नसतात. घरात कॅन्सर शिरलेला असतो, औषधोपचार डॉक्टरांच्या हाती, आपण काय करायचं ते सुचत नाही; मग बूट घेतले जातात आणि नातेवाइकांकडून, ऑफिसातल्या लोकांकडून देणग्या कबूल करून घेतल्या जातात. कुणी ठोक रक्कम देतं, कुणी किलोमीटरमागे अमुक इतके. एरवीचा दमलेला माणूस ‘मरू दे’ म्हणून बाजूला होतो. यांना ते जमत नाही. 42.195 किलोमीटरमधला शेवटचा तुकडा राहिला तर आपण घरच्यांना दगा दिला, असं काहीतरी डोक्यात घट्ट बसलेलं असतं.

अशांना मी टेरी फॉक्सबद्दल सांगतो. हाडाच्या कॅन्सरमुळे उजवा पाय गमावलेला हा तरुण 1980 साली कृत्रिम पायावर कॅनडा ओलांडायला निघाला. 143 दिवसांत 5,373 किलोमीटर धावला, आणि कॅन्सर फुफ्फुसात पसरल्यामुळे त्याला थांबावं लागलं. पलीकडचा किनारा त्याने गाठलाच नाही. तरीही दर कॅनेडियन माणसामागे एक डॉलर हे त्याचं उद्दिष्ट पुढच्या फेब्रुवारीत पूर्ण झालं होतं. ऐकणारे मान डोलावतात आणि पुन्हा बुटाची नाडी बांधू लागतात!

त्या दिवशी 37व्या किलोमीटरवरून एकाला ॲम्ब्युलन्समधून आणलं. तो नागमोडी धावतोय हे स्वयंसेवकांच्या लक्षात आलं होतं. डाव्या हातावर बॉलपेनने ‘आई’ आणि खाली ‘ताई’ असं लिहिलेलं. नाव विचारलं तर बरोबर सांगितलं, वार विचारला तर हसला. मग ओकला, आणि ओकला ते नुसतं पाणी. आमच्या नव्या सहकाऱ्याने सवयीने सलाईनची बाटली उचलली. कोसळलेला धावपटू म्हणजे पाणी कमी पडलेला, हे समीकरण सगळ्यांच्याच डोक्यात असतं. पण माझी नजर त्याच्या बोटांवर गेली. बोटं सुजलेली, अंगठी मांसात रुतलेली, घड्याळाच्या पट्ट्याचा लालभडक वळ. पाणी कमी पडलेल्याचे हात असे दिसत नाहीत.

गुदाशयातलं तापमान घेतलं, उष्माघात नव्हता. रक्तातलं सोडियम आलं 121. ते 135च्या खाली जाऊ नये. साडेपाच तास हा माणूस प्रत्येक टेबलावर थांबून ग्लासच्या ग्लास रिचवत आला होता. सावकाश धावणाऱ्याला प्यायला वेळ भरपूर मिळतो आणि घाम त्या मानाने कमी जातो. शिवाय लांबच्या श्रमात शरीर पाणी धरून ठेवणारं संप्रेरक सोडत राहतं, त्यामुळे लघवीवाटेही निचरा होत नाही. रक्त पातळ होतं, पाणी पेशींत शिरतं आणि मेंदूला सूज येते. 2002च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये 488 धावपटूंचं रक्त तपासलं होतं, त्यातल्या 13 टक्के लोकांचं सोडियम कमी निघालं. म्हणजे ही काही दुर्मिळ भानगड नाही.

बाटली परत ठेवायला लावली. अशा वेळी साधं सलाईन दिलं तर घोटाळा वाढू शकतो. तीन टक्के मिठाचं सलाईन 100 मिली शिरेतून दिलं, मग थोड्या वेळाने आणखी 100.

तेवढ्यात डोक्याला स्कार्फ बांधलेली त्याची बहीण आत आली. हीच ती ताई. रडारड नाही, काही नाही, बाटलीवरचं लेबल वाचून म्हणाली, “तीन टक्के? आम्हाला तर नेहमी साधं असतं.” केमोच्या खुर्चीत बसून ती आमच्या निम्म्या स्वयंसेवकांपेक्षा जास्त शिकली होती. तो इतकं पाणी का प्यायला, याचा उलगडाही तिनेच केला. तिच्या एका औषधाने किडनीला इजा होऊ नये म्हणून भरपूर पाणी प्यायला सांगितलं होतं. ते तिला पाजायचं काम याच्याकडे, म्हणून हाही तिच्या जोडीने ग्लासावर ग्लास संपवायचा. घरात पाणी म्हणजे औषध होऊन बसलं होतं.

दुसऱ्या डोसनंतर त्याची नजर स्थिर झाली. पहिला प्रश्न, “किती राहिलं?”

“पाच,” मी म्हटलं.

तो उठायला लागला. मी खांद्यावर हात ठेवला, पण थांबवलं ते बहिणीने. “गप पड. मी केमो अर्धवट सोडायचं म्हणत होते तेव्हा तू मला ओरडला होतास, आठवतं? आता मी ओरडतेय.” तिचा मुद्दा उलट्या बाजूने जात होता हे माझ्या लक्षात आलं, पण मी मध्ये पडलो नाही. तो पडून राहिला. लघवी सुरू झाली, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. मग देखरेखीसाठी त्याला हॉस्पिटलला रवाना केलं.

पुढे बहिणीचा फोन आला. त्याला दुसऱ्या दिवशीच घरी सोडलं होतं. ठोक रकमा कबूल केलेल्यांनी न विचारता पूर्ण दिल्या, काहींनी वर भर घातली. फक्त एका काकांनी किलोमीटरवर बोली केली होती. त्यांनी चोख 37 किलोमीटरचेच पैसे पाठवले, आणि वर निरोप दिला, की उरलेले पाच तो बरा झाल्यावर चालला तरी चालेल, मी ते बाजूला काढून ठेवलेत.