तुम्ही विचारलंत म्हणून: कॉलेजात असताना मी भाडी का गोळा करायचे

बीकॉमला असताना लोकांच्या खोल्यांची भाडी का गोळा करत होतीस, दुसरं काही मिळालं नाही का, हे लग्नात भेटलं तरी विचारतात न् मयतीला भेटलं तरी. आता तेच लोक विचारतात, आमच्या पोराला प्रॉपर्टी मॅनेजमेंटमध्ये जायचंय, कुठं चिकटवू? म्हणून एकदाच लिहिते.

ते काम नुसतं भाडं मागायचं नव्हतं हो. मालक पुण्यात, बिल्डिंग सांगलीच्या गावभागात. सबमीटरचं रीडिंग घेणं, मोटर जळली की वायरमन शोधणं, ११ महिने संपत आले की नवीन ॲग्रीमेंट, कुणी खोली सोडली की नळ, कड्या, पंखे बघून घेणं, सगळं माझ्यावर. पुस्तकात यातलं काहीच नव्हतं.

मग २०१९ चा ऑगस्ट. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट, पाणी ५७ च्या वर गेलं. तळमजल्यावरच्या ताई नर्स होत्या, पोराला घेऊन मिरजेला बहिणीकडं गेल्या. पाणी उतरल्यावर आम्ही खोली उघडायला गेलो तर दार फुगून चौकटीत घट्ट बसलेलं, भिंतीवर छातीपर्यंत चिखलाची रेघ, फ्रीज उताणा पडलेला. ताईंनी खोली सोडली. मालक फोनवर म्हणाले, दाराचे न् रंगाचे पैसे डिपॉझिटमधनं काप. मी म्हटलं, काका, पूर काय त्यांनी आणला का? तर म्हणाले, तुला पगार कोण देतं?

ॲग्रीमेंट नुसतं स्टॅम्पपेपरवर, रजिस्टर केलेलंच नव्हतं. भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५ प्रमाणे करार लेखी न् रजिस्टर करायची जबाबदारी मालकाची, केला नाही तर अटींबद्दल भाडेकरू म्हणेल ते धरतात, मालकानं उलटं सिद्ध करेपर्यंत. हे मी काकांना सांगितलं, आणि ताईंनाही. डिपॉझिट पूर्ण परत गेलं, माझं काम गेलं.

तेव्हा मला वाटलं, बरोबरच केलं. आता मी स्वतः मालकांची कामं बघते, आणि माझ्या हाताखालच्या पोरीनं मालकाची कच्ची बाजू भाडेकरूला सांगितली तर तिला ठेवेन का, खरंच सांगता येत नाही. पण ती वीस वर्षांची मी काही ऐकत नाही, म्हणते त्या बाईनं मग कुणाला विचारायचं होतं? यावर माझ्याकडं उत्तर नाही.

पोराला पाठवा. ऑफिसात एक्सेल भरायला नको, खोली रिकामी होते तिथं उभं राहू दे. फक्त मालक न् भाडेकरू दोघांचे फोन एकदम आले की कुणाचा आधी उचलायचा, हे मला विचारू नका.