उकिरडा आणि हरभऱ्याची मर

गेल्या वर्षी ओढ्याकडच्या दीड एकरात हरभरा महिन्याचा झाला आणि उबळायला लागला. शेंडे मान टाकायचे, दोन-तीन दिवसांत झाड उभ्या-उभ्या वाळायचं. दादा म्हणाले, "पाणी कमी पडलं." मी एक झाड उपटून खोड नखाने उभं चिरलं. आत तपकिरी-काळी रेघ. पाण्याचा काही संबंध नव्हता, फ्युजारियम बुरशीची मर होती.

काही झाडांचं दुखणं मात्र वेगळं होतं. जमिनीलगत मान कुजलेली, तिथं पांढरी बुरशी आणि मोहरीएवढे दाणे. ही मानकुज. ती मीच ओढवून घेतली होती. पेरणीच्या घाईत दोन ट्रॉल्या शेणखत पसरलं होतं. खत कसलं, उकिरडाच तो! सोयाबीनची गुळी त्यात जशीच्या तशी. मानकुजीच्या बुरशीला असला अर्धकच्चा काडीकचरा फार मानवतो; त्यावर पोसते आणि मग रोपाची मान धरते.

यंदा उन्हाळ्यातच गोठ्यामागं सावलीला ढीग लावला. शेण, गुळी, पाला, वर पाणी. चौथ्या दिवशी आत हात घातला तर चटका बसला. तीनदा वरखाली केला. आई म्हणाली, "उकिरड्याचा पांग बारा वर्षांनी फिटतो म्हणतात, तू तीन महिन्यांत फेडतोस होय?" ढीग पुरता निवल्यावरच ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगाच्या बुरशीला अडवणारी चांगली बुरशी, मिसळला, कारण गरम ढिगात तो मरतो. वर ओली गोणपाटं. आठवड्याने गोणपाट उचललं तर खाली हिरवट बुरशी, आणि वास पहिल्या पावसाचा. शेणाचा मागमूस नाही.

हे खत हरभऱ्याला घालताना मुद्दाम चार तासं (ओळी) खताविना ठेवली. तिथं ४१ झाडं गेली, शेजारच्या चार तासांत १३. मानकुज कुठंच नाही. पण सगळं श्रेय खताला देणार नाही. बी बदललं होतं, बियाण्यालाही ट्रायकोडर्मा चोळला होता. आणि १३ तरी गेलीच की. मुळाभोवतीची जागा आणि खाणं चांगल्या बुरशीनं आधी बळकावलं, तर मरीच्या बुरशीला शिरकाव अवघड होतो, एवढंच. ती मातीतून जात नाही. हरभरा नसला तरी सहा-सहा वर्षं तग धरून बसते.

म्हणून पुढच्या रब्बीला तिथं ज्वारी. दादांना अजून सांगितलेलं नाही.