शकुंतलेच्या सायडिंगवर तुरी वाळतात

मूर्तिजापूरला उतरल्यावर मुंबई-हावडा मार्गाच्या धांदलीत बाजूची अडीच फुटी लाईन पटकन नजरेत भरत नाही. हीच आपली शकुंतला, वऱ्हाडातली छोटी रेल्वे. इथून एक फाटा कारंजा-दारव्ह्यावरून यवतमाळला जातो, ११३ किलोमीटर. दुसरा दर्यापूर-अंजनगाववरून अचलपूरला, ७६ किलोमीटर. किलिक निक्सन कंपनीने वऱ्हाडातला कापूस मुंबईकडे धाडायला ती टाकली. १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं वाफेचं इंजिन १९२३ पासून एप्रिल १९९४ पर्यंत तिला ओढत होतं. मग डिझेल आलं, पुढे तेही थांबलं.

मी जानेवारीअखेर मोटरसायकलने अचलपूरचा फाटा धरला. पाहायची होती फक्त एका जुन्या जिनची, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्याची सायडिंग, मुख्य लाईनीवरून त्याच्या दारापर्यंत वळवलेला रूळ. गावाचं नाव सांगत नाही, कारण जागा रेल्वेची आहे आणि वापर गावाचा.

ठेसनापासून निघालेला रूळ तरोट्याच्या झुडपांत हरवतो आणि जिनच्या पडक्या भिंतीशी पुन्हा सापडतो. बंडीतून कापूस यायचा, रेचा नावाच्या यंत्रावर सरकी निघायची, प्रेसमध्ये रुईची गठाण बांधली जायची. आजच्या मापाने एक गठाण १७० किलोची. ती परत बंडीत चढवून ठेसनावर न्यायची म्हणजे दुप्पट हमाली, म्हणून डबाच दारात आणायचा.

आता त्या दारात ताडपत्रीवर तुरी पसरल्या होत्या. वाऱ्याने उडू नये म्हणून ताडपत्रीच्या कडा रुळाच्या फटीत खोचलेल्या. गठाणी चढवायच्या ओट्यावर गोवऱ्या. रूळ सगळा गंजलेला, फक्त हातभर जागा आरशासारखी चकचकीत. तिथे म्हैस बांधतात. दावं घासून घासून लोखंड उजळलंय.

"तुरीवर पाय नोका देऊ भाऊ," राखणीला बसलेल्या मावशी म्हणाल्या. गाडी परत सुरू झाली तर हे खळं जाईल, असं मी म्हटलं. "जाऊ द्या न! दवाखान्यात जायले गाडी त पायजे." माझा हळवेपणा तिथेच आटोपला.

जाणाऱ्यांसाठी: नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काळ बरा. उन्हाळ्यात वऱ्हाडात भरदुपारी लाईनीवर फिरायचं नाव काढू नका. पावसाळ्यात काळी माती चाकाला अशी धरते की गाडीच ढकलावी लागते. दर्यापूरचा भाग खारपाणपट्ट्यात येतो, बोअरचं पाणी खारं, तेव्हा पाणी घरूनच घ्या. लाईनीलगत बाभळीचे काटे पडलेले असतात. माझं मागचं चाक तिथेच बसलं आणि पंक्चरवाला मिळेपर्यंत तासभर गाडी लोटली. त्यापेक्षा एसटीने दर्यापूर किंवा अंजनगावला उतरून पायी हिंडलेलं परवडतं. जुन्या पुलांवर चढू नका, स्लीपर कुजलेत. आठवण म्हणून खिळा किंवा रूळ जोडायची फिशप्लेट उचलायचा मोह होतो. रेल्वेची मालमत्ता बाळगण्याबद्दल १९६६ चा कायदा आहे, त्यात अडकाल. फोटो काढायचा तर आधी विचारा. मावशींनी तुरीचा काढू दिला, म्हशीचा नाही. दृष्ट लागते म्हणे.