सुरू करायला पाच, चालू ठेवायला दोन

कॉलेजात बास्केटबॉल खेळले असल्यामुळे नियम तोंडपाठ होते. पण खेळाडूची नजर चेंडूवरून हलत नाही आणि पंचाची हलावीच लागते. पंच शिबिरातून बाहेर पडल्यावर ज्या सीनियर सरांबरोबर मला उभं केलं, ते एकच सांगत : "चेंडूकडे बघायला सगळं गाव आहे. तू बचाव करणारीचे पाय बघ."

रत्नागिरीत शालेय मुलींची स्पर्धा होती. उघडं सिमेंटचं कोर्ट, ऑक्टोबरचं ऊन, हवा अशी दमट की शिट्टी ओठांवरून घसरावी. गुहागरकडची एक टीम तवसाळहून जंगलजेटीने, म्हणजे फेरीबोटीने, खाडी ओलांडून आली होती. आल्या सहाच जणी, बाकीच्या तापाने आडव्या. कोर्टवर पाच असल्याशिवाय मॅच सुरू करता येत नाही, म्हणजे राखीव म्हणून एकच. समोर शहरातली बारा जणींची भरलेली टीम.

तिसऱ्या क्वार्टरमध्ये एकीच्या पोटरीत गोळा आला, ती बाहेर बसली ती बसलीच. चौथ्यात पाचवा फाउल होऊन एक गेली, पाठोपाठ दुसरी. उरल्या तिघी. भिंतीवर बसलेल्यांतून कोणीतरी ओरडलं, "संपवा हो आता, पोरींचे हाल कशाला!" शहरातल्या टीमच्या कोच मॅडमही टेबलाशी आल्या. दुपारी त्यांची पुढची मॅच होती, मुली दमवायच्या नव्हत्या. सरांनी मला जवळ बोलावलं. "किती लागतात?"

"दोन."

सुरू करायला पाच, चालू ठेवायला दोन. एकच उरली तर सामना समोरच्यांना, आणि ते पुढे असतील तर आहे तोच स्कोअर कायम. शहरवाल्या पुढेच होत्या, तेव्हा निकालात तसा काही फरक पडणार नव्हता. तरी थांबायचं की नाही हे त्या मुलींनी ठरवायचं. दयेच्या नावाखाली त्यांचा खेळ काढून घेणारे आपण कोण? त्यांच्या सरांनी विचारलं, तर तिघी एकदम "खेळतो" म्हणाल्या.

मग सात नंबरने शॉट मारणारीच्या हातावर सरळ फटका दिला. तिचे चार झालेले मला माहीत होते. शिट्टी वाजवली, मूठ वर केली, टेबलाकडे जाऊन नंबर दाखवला. ती गेली. उरल्या दोघी, त्यातल्या उंच मुलीचेही चारच. आता तिच्यावरची पुढची शिट्टी म्हणजे मॅचचा शेवट.

शहरवालीचे दोन्ही फ्री थ्रो रिंगमध्ये पडले. बेसलाइनमागून, म्हणजे रिंगमागच्या रेषेबाहेरून, चेंडू आत टाकायला पाच सेकंद. टाकणार एक, घेणार एकच, आणि घेणारीला तिघींनी वेढलेलं. मी हात हलवत मोजत होते. एक, दोन, तीन... बास्केट पडल्यानंतर टाकणारीला रेषेमागे पळता येतं हे त्या पोरीला ठाऊक होतं. ती तिरासारखी दुसऱ्या टोकाला पळाली आणि चौथ्या सेकंदाला वेढ्यावरून चेंडू फेकला. उंच मुलीने तो झेलला, एकटीने नेला आणि रिंगजवळून उडी मारून लेअपही घातला. भिंतीवरचे सगळे उभे.

लगेच शहरवाल्यांची सेंटर, रिंगजवळ खेळणारी खेळाडू, दुसऱ्या टोकाला रिंगवर चालून आली. मी बेसलाइनला होते. उंच मुलगी रिंगखाली पोचून उभी राहिली, हात डोक्यावर सरळ, आणि सरळच वर उडाली. सेंटर येऊन तिच्या छातीवर आदळली, दोघी पडल्या. "फाउल! फाउल!" असा एकच गिल्ला झाला. मी शिट्टी वाजवली नाही. मॅच वाचवायची म्हणून नव्हे. तिचे पाय जिथून उचलले तिथेच टेकले होते आणि हात पुढे झुकले नव्हते. जागा तिची होती, घुसली ती दुसरी. हात पुढे आले असते तर शिट्टी वाजली असती आणि मॅच तिथेच संपली असती.

शेवटी दोघी आठ गुणांनी हरल्या. स्कोअरशीटवर सह्या चालू असताना कोच मॅडम आल्या आणि मला ओलांडून सरांनाच विचारू लागल्या, "सर, तो फाउल का नाही दिला?"

सर बेरीज तपासत होते. मान वर न करता म्हणाले, "बेसलाइनला त्या होत्या. त्यांना विचारा."