कासारवडवली ते अटल सेतू: एकाच घराण्यातल्या दोन गाड्या

कासारवडवलीहून अटल सेतूपर्यंतचा रस्ता नकाशावर पाहिला तर त्यात विशेष काही दिसत नाही: घोडबंदर रस्ता, कळव्याचा पूल, ठाणे-बेलापूर रस्ता, पाम बीच, उलवे आणि मग समुद्र. मात्र एखादी गाडी नीट जोखायची असेल, तर खड्डे, गतिरोधक, काँक्रीटचे सरळ पट्टे, लांब वळणे आणि खाडीवरचा आडवा वारा हे सगळे एका सकाळीत देणारा दुसरा मार्ग आपल्या परिसरात मला तरी ठाऊक नाही. माझ्या मावसभावाकडे, म्हणजे दादाकडे, ऑडीची आरएस क्यू८ ही एसयूव्ही आहे आणि सीवूड्सला राहणाऱ्या त्याच्या मित्राकडे ऑडीचीच आरएस६ अवांत ही वॅगन, म्हणजे सेडानइतकीच बुटकी पण मागे सामानासाठी छत लांबवलेली गाडी, आहे. मावशीला रविवारी उलव्याला तिच्या जावेकडे सोडायचे होते, मित्र आदल्या रात्री ठाण्यालाच मुक्कामाला आला होता, आणि दोन्ही गाड्या आलटून पालटून चालवू देण्याचे दोघांनीही कबूल केले होते. अशी संधी सोडणे मला शक्य नव्हते.

या दोन गाड्यांची तुलना विशेष रंजक ठरते, कारण दोन्हींच्या बोनेटखाली चार लिटरचे, आठ सिलिंडरचे आणि दोन टर्बोंचे इंजिन आहे. २०१५ मध्ये १.३५ कोटी रुपयांना भारतात आलेल्या या वॅगनचे इंजिन ५६० अश्वशक्ती आणि ७०० न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे चाके फिरवणारा पीळ, देते, तर २०२० मध्ये २.०७ कोटींना आलेल्या एसयूव्हीचे इंजिन ६०० अश्वशक्ती आणि ८०० न्यूटन-मीटर देते. या दोन्ही किमती अर्थातच शोरूमच्या, रस्त्यावर येईपर्यंतच्या खर्चाविना. शून्यापासून ताशी १०० किलोमीटरचा वेग गाठायला कंपनीच्या आकड्यांनुसार वॅगनला ३.९ सेकंद लागतात आणि एसयूव्हीला ३.८. चाळीस अश्वशक्ती आणि शंभर न्यूटन-मीटर जास्त असूनही पदरात पडतो तो सेकंदाचा दहावा भाग. उरलेली ताकद कुठे जाते, याचे उत्तर वजनाच्या रकान्यात सापडते, कारण एसयूव्ही वॅगनपेक्षा साडेतीनशे किलोंहून अधिक जड आहे.

निघण्यापूर्वी आम्ही गायमुख घाटाकडे एक फेरी मारून आलो. घाट म्हणावा इतका तो मोठा नाही, पण एका पाठोपाठ एक येणारी वळणे आणि पावसाळ्यानंतर उखडलेला डांबरी पट्टा यांमुळे गाडीचा स्वभाव तिथे लगेच कळतो. एसयूव्ही तिथे कमालीची सपाट वळते. एवढी उंच गाडी वळणावर बाहेरच्या बाजूला झुकायला हवी. तसे होऊ नये म्हणून तिच्या दोन्ही अ‍ॅक्सलवरचे स्टॅबिलायझर, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना जोडून झुकणे रोखणारे दांडे, मधोमध तोडून तिथे विजेची मोटर बसवलेली आहे, आणि ती मोटर ४८ व्होल्टच्या वीजयंत्रणेवर चालून गाडीला उलट पीळ देत राहते. शिवाय मागची चाकेही वळतात: कमी वेगात पुढच्या चाकांच्या उलट दिशेने पाच अंशांपर्यंत, जास्त वेगात त्याच दिशेने थोडीशी. या सगळ्याचा परिणाम थक्क करणारा आहे आणि त्याला पुरावाही आहे, कारण २०१९ मध्ये जर्मनीतल्या न्यूरबुर्गरिंगच्या वीस किलोमीटरहून लांब ट्रॅकवर याच गाडीने ७ मिनिटे ४२.२ सेकंदांत फेरी पूर्ण करून तेव्हाचा एसयूव्हींचा विक्रम नोंदवला होता.

तरीही त्याच वळणांवर वॅगनमध्ये बसले तेव्हा जाणवले ते वेगळेच. तिचे छत जमिनीपासून १.४६ मीटरवर, म्हणजे एसयूव्हीहून वीतभर तरी खाली आहे. इंजिन, आसने आणि माणसे सगळीच खाली बसलेली असल्यामुळे वजन बाहेरच्या चाकांवर ढकलले जाण्याचे प्रमाण मुळातच कमी राहते. वळणावर ओढले जाणारे वजन गाडीच्या वस्तुमानावर आणि गुरुत्वमध्याच्या उंचीवर अवलंबून असते, हे शाळेच्या भौतिकशास्त्रातले गणित आहे. एसयूव्हीमध्ये आधी उंची निर्माण केली जाते आणि मग त्या उंचीचे परिणाम पुसून काढण्यासाठी मोटर, वीज आणि संगणक कामाला लावले जातात. वॅगनला तो खटाटोप फारसा करावाच लागत नाही. ब्रेकच्या बाबतीतही तेच: समान वेगात एसयूव्हीत साठलेली गतिज ऊर्जा जवळजवळ एक-पंचमांश जास्त असते, आणि ती सगळी उष्णता ब्रेकच्या चकत्यांनाच पचवावी लागते.

एवढे सगळे वॅगनच्या बाजूने लिहून झाल्यावर घोडबंदर रस्त्याने तिची बाजू पार उलटी केली. मेट्रोच्या खांबांखालून कापूरबावडीकडे जाताना पॅच मारलेल्या भागात एसयूव्ही आपले हवेचे सस्पेन्शन उंचावून निवांत चालत होती, तर वॅगनमध्ये प्रत्येक कडा मणक्यापर्यंत पोहोचत होती. गतिरोधकांची गोष्ट त्याहून गंभीर आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या प्रमाणानुसार गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असायला हवा, म्हणजे ताशी २५ किलोमीटरच्या वेगात त्यावरून गाडी सहज जावी. आपल्या वसाहतींच्या दारांसमोर मात्र रातोरात उगवणारे डांबराचे उंचवटे हातभर रुंद आणि मनाला येईल तेवढे उंच असतात. पुढच्या आणि मागच्या चाकांत जवळजवळ तीन मीटरचे अंतर असलेली, जमिनीपासून चार-पाच इंचांवर तरंगणारी गाडी अशा उंचवट्यावरून नेताना चालकाला ती तिरकी करून एकेक चाक चढवावे लागते, आणि मागे हॉर्न वाजवणारी रिक्षा त्याला तेवढा वेळ देत नाही.

मावशीला कळव्यापर्यंत वॅगनमध्ये बसवले होते. कळव्याच्या पुलाआधी चहाला थांबलो तेव्हा तिने निकाल दिला. "अगं, गाडी छान आहे, पण उतरताना कुणीतरी हात द्यावा लागतो. दादाच्या गाडीत कसं, सरळ बसायचं आणि सरळ उतरायचं." साठीनंतरच्या गुडघ्यांना कमरेच्या उंचीवरचे आसन किती सोयीचे असते, हे तिने त्या दोन वाक्यांत सांगितले. आपल्याकडे एसयूव्हींचा जो सुकाळ झाला आहे, त्यामागे रुबाबाइतकाच घरातल्या ज्येष्ठांच्या गुडघ्यांचाही हात असावा, अशी मला दाट शंका आहे.

डिकीच्या बाबतीत मात्र मावशीचा कौल फिरला. जावेसाठी तिने वाडा कोलमची पंचवीस किलोंची गोणी घेतली होती आणि ती एसयूव्हीतून वॅगनमध्ये हलवायचे ठरले. आकड्यांत फरक किरकोळ आहे: वॅगनची डिकी ५६५ लिटरची, एसयूव्हीची ६०५, मागची आसने पाडली तर अनुक्रमे १,६८० आणि १,७५५. वापरताना मात्र वॅगनची कड गुडघ्याच्या थोडी वर येते, गोणी टेकवून आत सरकवली की काम झाले. एसयूव्हीत तीच गोणी मांडीपर्यंत उचलावी लागते, आणि उतरत्या छतामुळे काचेखालची जागा उंच सामानाला पुरत नाही.

ठाणे-बेलापूर रस्त्यावर रबाळे, महापे, तुर्भे मागे पडेपर्यंत लिहिण्यासारखे काही घडले नाही; रविवारी सकाळी तिथे ट्रकही विसावलेले असतात. पाम बीच रस्त्याची लांब, उघडी वळणे मात्र वॅगनसाठीच आखल्यासारखी वाटली. कायद्याने ठरवून दिलेल्या वेगात राहूनही तिच्या स्टिअरिंगमधून रस्त्याची जी बारीकसारीक वार्ता हाताला मिळत होती, ती एसयूव्हीच्या जाड रबरी शांततेत हरवते. तिथेच मित्राने मला १९९४ च्या आरएस२ अवांतची हकिगत सांगितली: पोर्शच्या मदतीने घडवलेली, पाच सिलिंडरच्या टर्बो इंजिनाची, ३१५ अश्वशक्तीची ती वॅगन या सगळ्या घराण्याची मूळ आई. त्याच वर्षी व्होल्वोने आपली ८५० इस्टेट ही वॅगन ब्रिटनच्या टूरिंग कार शर्यतीत उतरवली होती. युरोपात कुटुंबाचे सामान आणि वडिलांची हौस एकाच गाडीत कोंबण्याची ही जुनी रीत आहे.

आपल्याकडे ती रुजली नाही. टाटा इस्टेट १९९२ मध्ये आली, पुढे बलेनो अल्टुरा, ऑक्टाव्हिया कॉम्बी, इंडिगो मरिना आल्या आणि गेल्या; अलीकडच्या व्होल्वोच्या व्ही९० क्रॉस कंट्री आणि मर्सिडीजच्या ई-क्लास ऑल-टेरेन यांनी तर वॅगनलाच थोडी उंची देऊन पाहिली. लांब पाठीची गाडी म्हणजे सामान वाहणारी किंवा रुग्णवाहिका, हा समज इथे फार घट्ट आहे. आणि नव्या वॅगनींकडे पाहिले तर वजनाचा फायदाही निसटू लागला आहे: २०२४ मध्ये आलेली बीएमडब्ल्यूची एम५ टूरिंग बॅटरी आणि विजेच्या मोटरसह ७२७ अश्वशक्ती देते, पण तिचे वजन अडीच टनांच्या घरात आहे, म्हणजे दादाच्या एसयूव्हीपेक्षाही जास्त.

मावशीला उलव्याला सोडून आम्ही अटल सेतूवर चढलो. १२ जानेवारी २०२४ रोजी उद्घाटन झालेला हा २१.८ किलोमीटरचा पूल सुमारे साडेसोळा किलोमीटर समुद्रावरून जातो आणि त्यावर मोटारींना ताशी १०० किलोमीटरची मर्यादा आहे. त्या स्थिर वेगात दोन्ही इंजिने आठांपैकी चार सिलिंडर बंद करून चालतात, त्यामुळे इतक्या ताकदीच्या गाड्या तिथे शाळकरी मुलांसारख्या शहाण्या होतात. वाऱ्याचा फरक मात्र लपत नाही. एसयूव्हीच्या उंच कुशीवर वारा आदळला की स्टिअरिंगला अगदी हलका, पण सतत प्रतिसाद द्यावा लागतो, तर वॅगन खाली चिकटून जाते.

शेवटी दादाला मी सरळ विचारले, की दोन्हींपैकी एकच ठेवायची झाली तर कोणती ठेवशील. त्याने गाड्यांबद्दल बोलण्याऐवजी पार्किंगबद्दल सांगितले. त्याच्या इमारतीत एकावर एक गाड्या चढवणारे यांत्रिक पार्किंग आहे आणि त्यातले बहुतेक कप्पे सेडानच्या उंचीचे आहेत. मित्राची वॅगन रात्री त्यातल्याच एका कप्प्यात आरामात मावली. त्याच्या एसयूव्हीसाठी मात्र त्याला वेगळी मोकळी जागा विकत घ्यावी लागली. तरीही तो एसयूव्हीच ठेवणार आहे, कारण मावशी त्याच्याच घरी राहते आणि घोडबंदर रस्ता त्याला रोजच ओलांडावा लागतो. मी पाम बीचच्या काठावर राहत असते तर वॅगन घेतली असती, तीही जुन्या गाड्यांच्या बाजारातून. कासारवडवलीला राहून ती घेण्याचा सल्ला मात्र मी कुणालाही देणार नाही.