हॉवर्डांची ढाल: फ्लॉडनचा सिंह रंगवून झाला

इंग्लंडच्या सरदार घराण्यांच्या ढाली, म्हणजे ढालीच्या आकारातली कुळचिन्हं, रंगवायला घेतल्यात, त्यात सध्या नॉर्फोकचे ड्यूक, म्हणजे हॉवर्ड घराणं चालू आहे. मूळ ढाल आधीच झाली होती: लाल जमीन, पांढरा तिरका पट्टा, पट्ट्याच्या वर तीन आणि खाली तीन छोटे पांढरे क्रूस, प्रत्येकाचं खालचं टोक अणकुचीदार. आता पट्ट्यावरची भर पूर्ण केली. खरी गोष्ट या भरीतच आहे.

पहिला ड्यूक जॉन हॉवर्ड १४८५ मध्ये बॉसवर्थला तिसऱ्या रिचर्डच्या बाजूने लढताना पडला. गादीवर आलेल्या सातव्या हेन्रीने पदवी आणि जमीनजुमला जप्त केला, जॉनचा मुलगा थॉमस याला लंडनच्या टॉवर या किल्ल्यात डांबलं. थॉमसने पुढे चाकरी करून विश्वास मिळवला, आणि ९ सप्टेंबर १५१३ रोजी, सत्तरीत, फ्लॉडनला स्कॉटलंडच्या फौजेचा धुव्वा उडवला. खुद्द राजा चौथा जेम्स रणात मेला. आठव्या हेन्रीने १५१४ मध्ये थॉमसला बापाची ड्यूकपदवी परत केली आणि ढालीवर स्कॉटलंडच्या राजचिन्हातला सिंह मिरवायचा मान दिला. सिंह मात्र अर्धाच, आणि त्याच्या तोंडात आरपार बाण!

हा सिंह एका छोट्या ढालीत असतो. रंगवताना अडचण अशी की ही छोटी ढाल सोनेरी, आणि ती बसते पांढऱ्या पट्ट्यावर. धातूवर धातू, म्हणजे सोनेरी (पिवळा) आणि चंदेरी (पांढरा) एकमेकांवर, चालत नाही हा कुळचिन्हांचा पहिला नियम, पण राजाने दिलेल्या मानाला तो आड येत नाही. पिवळा पांढऱ्यात विरून जातो, म्हणून मी काळ्या शाईची बारीक कड आधी घेतली, ती पूर्ण वाळू दिली आणि मग झिरो नंबरच्या ब्रशने पिवळा भरला. सिंहाभोवतीची लाल दुहेरी चौकट आणि तिच्यावरची लिलीची फुलं सर्वांत शेवटी. बाण सिंहाच्या आधी काढू नका, जबड्याची रेघ बिघडते.

याच घराण्यात दुसऱ्या एका ढालीपायी माणूस गेला, म्हणून मला या दोन ढालींची जोडी विलक्षण वाटते. फ्लॉडनच्या विजेत्याचा नातू हेन्री हॉवर्ड, सरेचा अर्ल, मोठा कवी. त्याने आपल्या ढालीत एडवर्ड द कन्फेसर या जुन्या राजाचं चिन्ह घेतलं. दुसऱ्या रिचर्डने मोब्रे घराण्याला ते दिलं होतं आणि हॉवर्ड मोब्रेंच्या लेकीचे वंशज, एवढा त्याचा आधार. पण आठवा हेन्री मरणपंथाला लागलेला, वारस एडवर्ड नऊ वर्षांचा. अशा वेळी राजचिन्ह लावणं म्हणजे गादीवर डोळा, असं दरबाराने ठरवलं. सख्ख्या बहिणीची साक्षही त्याच्या विरोधात गेली. अर्ल ही पदवी त्याला केवळ ड्यूकचा मुलगा म्हणून लावत, त्यामुळे सरदारांसमोर नव्हे, साध्या ज्यूरीसमोर खटला चालला. १९ जानेवारी १५४७ रोजी शिरच्छेद. बाप, तिसरा ड्यूक, त्याच टॉवरमध्ये मरणाची वाट बघत होता. २८ तारखेला राजाच वारला आणि म्हातारा वाचला. १५५३ मध्ये मेरी राणीने त्याला सोडलं.

राजाने दिलं तर शत्रुराजाचा सिंहसुद्धा मिरवावा, आणि आपल्या हक्काने घेतलं तर मान जावी. सरदारकी कोणाच्या मर्जीवर उभी होती, ते मला कुठल्याही वंशावळीपेक्षा या दोन ढालींत जास्त स्पष्ट दिसतं.

पुढचा कागद आजच्या ड्यूकच्या चौकोनी विभागलेल्या ढालीचा. पहिल्या घरात हीच हॉवर्ड ढाल, दुसऱ्यात इंग्लंडचे सिंह, तिसऱ्यात वॉरेन घराण्याचे सोनेरी-निळे चौकडे, चौथ्यात फिट्झॅलनांचा सोनेरी सिंह. मागे अर्ल मार्शल या या घराण्याकडच्या राजदरबारी पदाचे दोन सोनेरी दंड, काळ्या टोकांचे. त्या पदामुळे राज्याभिषेकाची व्यवस्था आजही याच घराण्याकडे असते, २०२३ चीही होती. चौकडे सरळ यायला तुम्ही मास्किंग टेप लावता की नुसती पेन्सिल? निळा पिवळ्यात उतरू न देण्याची युक्ती कोणाकडे असेल तर जरूर सांगा.