तुम्ही विचारलंत म्हणून: ‘बीए बे’ची शिकवणी

“बाई, पोरांना इंग्रजी शिकवायला दोनशे वर्षांपूर्वीचं अमेरिकन पुस्तक कशाला?” शिकवणीला येणारे सगळेच पालक हे विचारतात. एकदाचं लिहूनच टाकते.

पुस्तक स्पेलिंगचं, डिक्शनरीवाल्या नोआ वेब्स्टरचं. १७८३ साली अमेरिकेत हार्टफर्डला निघालं, पुढे निळ्या वेष्टनावरून ओळखलं जाऊ लागलं. मी १८२९ ची सुधारलेली आवृत्ती वापरते. बीए बे, बीई बी, बीआय बाय, बीओ बो. आपली बाराखडीच म्हणा ना.

एक सातवीतला मुलगा होता. धडा खडाखडा वाचायचा. मी मधल्याच ओळीवर बोट ठेवलं, तर गप्प. पहिल्या ओळीपासून सुरू केलं की गाडी पुन्हा धावायची. अख्खा धडा पाठ! ‘बेकर’ लिहून दिलं, तर माझ्या तोंडाकडे बघत ‘बॅक? ब्रेक?’ मग पाटीवर बीए बे घेतलं. बे-कर, शे-डी, ले-डी, टाय-डी. तुकडा स्वरावर संपला की स्वर आपलं नाव सांगतो, हे त्याला उमगलं आणि एके दिवशी न शिकवलेला ‘पायलट’ त्याने स्वतः फोडून वाचला. माझ्याकडे न बघता.

त्यानंतर आलाच नाही. धाकटा भाऊ ‘बे-बी-बाय’ म्हणून चिडवतो, असं आई म्हणाली. प्रश्नोत्तरं लिहून देणाऱ्या क्लासला घातला. मार्क चांगले पडले म्हणे. पडोत.

पुस्तक रटाळ आहे, कबूल. गुलामीत जन्मलेला कृष्णवर्णीय अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ बुकर टी. वॉशिंग्टन, त्यानेही आत्मचरित्रात त्यातल्या ‘ॲब, बा’ला निरर्थक म्हटलंय. पण गुलामगिरीतून सुटल्यावर आईने कुठूनतरी मिळवून दिलेलं त्याचं पहिलं पुस्तक हेच, आणि आसपास त्याच्या लोकांत वाचता येणारं एकही माणूस नव्हतं. तरी तो त्यावर अक्षरं शिकला. तुमच्या घरात तर दोन पदवीधर आहेत!

डी.एड.ला असताना मीच भांडायचे, सुटे आवाज कसले घोकता, गोष्टी द्या, पोरं आपोआप वाचतील. तेव्हाच्या त्या भांडखोर मुलीला अजून पुरतं उत्तर देता येत नाही मला. ‘दो’ (though), ‘थ्रू’ (through), ‘कफ’ (cough): ओयूजीएच एकच, उच्चार तीन. तिथे ‘बीए बे’चे तक्ते हात टेकतात. वेब्स्टरने ‘टंग’ (tongue) हा शब्द टीयूएनजी असा लिहून पाहिला, लोकांनी काही उचलला नाही. असले शब्द मीही घोकूनच घेते. मग त्या क्लासात नि माझ्यात फरक काय, हे मात्र निदान ॲडमिशनच्या दिवसांत विचारू नका.